फुकेत-क्राबी: आई-बाबांना घेऊन दिवसभराची आयलंड हॉपिंग बोट, नक्की कुठली घ्यावी?

स्वप्ना_डोंबिवली

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही थायलंडला चाललोय, आधी फुकेत आणि मग क्राबीत आओ नांग. तिकिटं, हॉटेलं सगळं झालंय, अडलंय ते बोटीच्या टूरवर. सगळीकडे तेच फोटो, तेच हिरवंनिळं पाणी, "एका दिवसात सात बेटं, स्विमिंग, स्नॉर्केलिंग, लंचसकट", आणि कोण कोणापेक्षा वेगळं काय देतंय ते काही केल्या कळत नाही.

आम्ही सहाजण. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा, माझे आई-बाबा आणि सासूबाई. बाबांचे गुडघे दुखतात पण हळूहळू सगळं करतात. सासूबाईंना मणक्यात गॅप आहे, आणि त्या पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आई लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकली, आणि या ट्रिपमध्ये तिने एकच गोष्ट मागितलीये, समुद्रात मनसोक्त पोहायचं. बाबांना आणि सासूबाईंना अजिबात येत नाही, आम्हा दोघांना स्विमिंग पूलपुरतं येतं, मुलगा क्लासला जातो पण समुद्रात कधी उतरला नाहीये.

तर फी फी घ्यावं की क्राबीची चार बेटं की जेम्स बाँड आयलंड? स्पीडबोट की मोठी बोट? ज्यांना पोहता येत नाही ते बोटीवर दिवसभर काय करतात? आणि जेवणात सासूबाईंना काही मिळेल का की डबा न्यावा? त्यांना हॉटेलवर ठेवून जाणं मनाला पटत नाही, सगळ्यांनी एकत्र जायचं एवढं नक्की आहे.

अरुण_फुकेतकर

मी कामानिमित्त बरीच वर्षं फुकेतला आहे आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना बोटीवर घालणं हे माझं आवडीचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बेटं मोजू नका. सात बेटं लिहिलेली असतात त्यातल्या निम्म्या ठिकाणी बोट नुसती समोरून जाते. फी फीच्या टूरमध्ये व्हायकिंग केव्ह म्हणून एक नाव हमखास असतं, ती पाकोळ्यांची घरटी काढण्याची गुहा आहे, आत बांबूचे मचाण लावलेले दिसतात, ती घरटी सूपसाठी विकली जातात, पण आत कोणाला जाऊ देत नाहीत. बघायला छानच आहे, पण बोटीतूनच. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा की पाण्यात किती वेळ मिळणार, सावलीत किती वेळ मिळणार आणि बोटीचे हादरे किती वेळ खायचे. तुमच्याकडे तर या तीनही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

आता बोटी. स्पीडबोट म्हणजे मागे दोन-तीन इंजिनं, तीस-चाळीस माणसं, फुकेतहून फी फी साधारण तासाभरात. पाणी शांत असलं तर मजा येते, पण जानेवारीत पूर्वेकडून वारा सुटला की ती लाटेवर आपटत जाते आणि पुढच्या बाजूला बसलेल्या माणसाच्या पाठीचं काही खरं नाही. गरोदर बायकांना आणि पाठीचं दुखणं असलेल्यांना बहुतेक कंपन्या स्वतःच नाही म्हणतात, बुकिंग करताना बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. सासूबाईंना स्पीडबोटीत बसवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मागे बसलं की कमी लागतं हे खरं आहे पण मणक्यात गॅप असताना कमी लागणं पुरेसं नाही.

मोठी बोट म्हणजे फेरी, रस्सादा जेट्टीवरून सुटते, फी फीला दोनेक तास घेते, आत एसी, संडास, वर डेक, आणि ती आपटत नाही. ज्येष्ठांना सोयीची, पण माणसं खूप, आणि पोहायला वेळ अगदीच थोडा.

तिसरा प्रकार कॅटामरान, दोन तळांची रुंद बोट, शिडाची किंवा इंजिनाची. चालोंगच्या जेट्टीवरून सकाळी निघते आणि कोरल आयलंड, राचा याय, मायथोन असल्या जवळच्या बेटांना जाते. हळू जाते, डोलते कमी, सावली असते, संडास असतो, पुढे जाळीवर आडवं पडता येतं, आणि मुख्य म्हणजे बोट नांगर टाकून किंवा बोयाला बांधून उभी राहते आणि मागच्या शिडीवरून थेट पाण्यात उतरता येतं. जेवणही बऱ्याचदा बोटीवरच वाढतात. म्हणजे तुमच्या आईने पोहावं, मुलाने बापाबरोबर स्नॉर्केल करावं आणि बाबा-सासूबाईंनी वर सावलीत चहा पीत त्यांना बघावं, हे सगळं एकाच जागी होतं. स्पीडबोटीपेक्षा महाग पडते, पण तुमच्या घरच्या मंडळींसाठी माझं मत याच बाजूने. चालोंगची जेट्टी लांब आहे, जेट्टीवर ने-आण करणारी गाडी असते, बाबांना चालवत नेऊ नका.

जेम्स बाँड आयलंड म्हणजे फांगन्गाची खाडी. तिथलं पाणी हिरवट गढूळ, तिवरांच्या जंगलातून येणारं, तळ दिसत नाही, त्यामुळे पोहण्या-स्नॉर्केलसाठी तिथे जाऊ नका. पण पाणी अगदी शांत, आणि समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके बघताना भान राहत नाही. तो प्रसिद्ध खडक, को तापू, वीसेक मीटरचा आहे आणि १९९८ पासून त्याच्या जवळ बोट नेऊ देत नाहीत, समोरच्या बेटावरून बघायचा. जेवण बहुतेक को पान्यी गावात, पाण्यात खांबांवर उभं असलेलं मुसलमान कोळ्यांचं गाव, जावाहून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं. तिथल्या मुलांनी १९८६ मध्ये लाकडाच्या फळ्या जोडून तरंगतं फुटबॉलचं मैदान केलं, खेळायला जमीनच नव्हती म्हणून. तुमच्या मुलाला हे नक्की आवडेल. गुहांमधून छोट्या होडीने नेतात, वल्हवायला त्यांचा माणूस असतो, आपण फक्त बसायचं, कुठेकुठे छत खाली येतं तिथे आडवं व्हावं लागतं. सासूबाईंना ते आडवं होणं जमेल का ते बघा.

सह्याद्री_ते_समुद्र

वरचं सगळं मान्य पण फी फी सोडू नका असं मला वाटतं. पिलेह लगून बघितल्यावर मी गप्पच झालो होतो, तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि मध्ये पाचूच्या रंगाचं पाणी, त्यात उडी मारायची. भल्या पहाटे निघणारी टूर घ्या, साडेसहा-सातला जेट्टी सोडतात, गर्दी यायच्या आत दोन ठिकाणं होऊन जातात. दहानंतर तिथे बोटीला बोट लागते.

फक्त माया बे बद्दल एक नीट समजून घ्या कारण लोक तिथे जाऊन हिरमुसतात. तिथे पोहता येत नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहता येतं, बस. रोज पाच-पाच हजार माणसं आणि शेकडो बोटींचे नांगर पडून तिथलं प्रवाळ मेलं होतं, म्हणून जून २०१८ मध्ये बीच बंदच केला आणि थेट १ जानेवारी २०२२ ला उघडला. आता बोटी समोरून आत येऊच शकत नाहीत, मागे लोह समाह बे ला लागतात, तिथून लाकडी पुलवाटेवरून चालत यायचं, एका वेळी ठरावीक लोक आणि एक तास. ऑगस्ट-सप्टेंबर पूर्ण बंद ठेवतात. आणि याचं फळ असं की काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत आले, काठावरून दिसतात, माणसाला काही करत नाहीत. मला तर हे बघून फार बरं वाटलं, एवढा पैसा देणारा बीच सरकारने साडेतीन वर्षं बंद ठेवला आणि निसर्गाने उत्तर दिलं. आपल्याकडे कुणी असं करेल का माहीत नाही पण व्हावं अशी फार इच्छा आहे.

मंकी बीचवर बोट थांबली तर मुलाला उतरवू नका. माकडं चावतात, आणि चावलं की रेबीजची इंजेक्शनं, सगळी ट्रिप हॉस्पिटलच्या फेऱ्यांत.

मालवणी_मासोळी

स्वप्नाताई, तुमच्या आईबद्दल वाचून इतकं छान वाटलं की लिहिल्याशिवाय राहवेना. मी तारकर्लीला स्कूबा शिकले आणि आता हौशी लोकांना पाण्यात घेऊन जाते, त्यामुळे फक्त पाण्यातलं बोलते, बोटींचं वरच्यांनी छान सांगितलंय.

विहिरीत शिकलेली माणसं पोहायला तयार असतात, पण विहिरीचं पाणी स्थिर असतं आणि समुद्र तुम्हाला बाजूला नेत असतो, वर बघेपर्यंत बोटीपासून लांब गेलेलो असतो. म्हणून आईंना लाइफ जॅकेट घालूनच उतरवा, त्यांना कितीही अपमान वाटला तरी. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं त्यामुळे त्यांना पहिल्या दोन मिनिटांतच मजा कळेल. उतरल्यावर आधी बोटीची शिडी धरून पाय हलवू देत, श्वास शांत झाला की मग सोडायचं. प्रवाह कुठल्या दिशेला आहे ते गाइडला विचारायचं आणि सुरुवातीला प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला पोहायचं, म्हणजे दमल्यावर पाणीच परत बोटीकडे आणतं. हे एक जरी लक्षात ठेवलंत तरी खूप आहे.

ज्यांना पोहता येत नाही त्यांनाही स्नॉर्केल करता येतं. बोटीवर दोरीला बांधलेली रिंग असते, लाइफ जॅकेट घालून रिंग धरायची आणि तोंड पाण्यात घालायचं, गाइड ओढत नेतो. बाबांना इच्छा असेल तर आधी हॉटेलच्या पूलमध्ये मास्क आणि नळीची सवय करून घ्या, कंबरभर पाण्यात उभं राहून तोंडाने श्वास घ्यायचा, नाक विसरायचं. नवशिका माणूस घाबरतो ते पाण्याला नाही तर नाक बंद झाल्याला. पण ब्लड प्रेशर किंवा हार्टचं काही असेल तर डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारा, स्नॉर्केलमध्ये दम लागतो आणि माणूस पालथा तरंगत असतो त्यामुळे त्रास होतोय हे बाकीच्यांना पटकन कळत नाही. म्हणून प्रत्येक ज्येष्ठामागे घरचं एक माणूस, हाताच्या अंतरावर. गाइड वीस लोकांकडे बघत असतो.

मुलासाठी लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का हे बुकिंगलाच विचारा, मोठ्यांचं घातलं तर ते वर सरकून कानापर्यंत येतं आणि पोर गुदमरतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर उत्तम. मास्क मुलाचा स्वतःचा घेऊन जा, लहान चेहऱ्याला मोठा मास्क बसतच नाही, पाणी आत येतं आणि मग तो परत घालायला तयार होत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, भारतात आधी घ्या. अंगात पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला सगळ्यांनी, कारण पालथं पोहताना पाठ आणि मांड्यांचा मागचा भाग असा भाजतो की रात्री झोप येत नाही.

सनस्क्रीनचं बघून घ्या. ऑगस्ट २०२१ पासून तिथल्या सगळ्या नॅशनल पार्कांमध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे चार रसायनं असलेल्या क्रीमवर बंदी आहे, दंड एक लाख बाहटपर्यंत. झिंक ऑक्साइडवालं घ्या. आणि कोरलवर उभं राहू नका, दमलात तर पाठीवर तरंगा. जिथे आपण पाऊल ठेवतो तिथे वर्षानुवर्षांचं वाढलेलं एका क्षणात मोडतं, आणि शिवाय काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर त्याच फटीत बसलेले असतात. माशांना पाव घालायलाही बंदी आहे, गाइडने दिला तरी घालू नका. जेलीफिश लागलाच तर चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही, व्हिनेगर ओतायचं, बऱ्याच बीचवर खांबाला बाटली लावलेली असते.

शुभदा_कोथरूड

जेवणाचं मी सांगते, आमच्या घरातही अंडं न खाणारी मंडळी आहेत.

टूरच्या बुफेमध्ये भात, परतलेल्या भाज्या, नूडल्स, चिकन, फ्राइज आणि कलिंगड-अननस असतं. भाज्या दिसायला शाकाहारी पण त्यात ऑइस्टर सॉस किंवा फिश सॉस जवळजवळ असतोच, त्यांच्या दृष्टीने तो मसाला आहे, मांस नाही, त्यामुळे "व्हेज" म्हटलं की ते मनापासून हो म्हणतात आणि घालतात. तिथे शब्द वापरायचा "जे". "किन जे" म्हणजे मी "जे" प्रकारचं जेवण खाते. यात मांस, मासे, अंडं, दूध, फिश सॉस काहीच येत नाही आणि कांदा-लसूणसुद्धा नाही, चिनी परंपरेतून आलेलं आहे हे, फुकेतला तर दरवर्षी याचा मोठा उत्सव असतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, लांबून १७ आकड्यासारखी दिसतात, ती पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा. मोबाइलवर थाईमध्ये लिहून ठेवा की फिश सॉस, ऑइस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, अंडं नको, आणि तो मजकूर हॉटेलच्या रिसेप्शनवर एकदा तपासून घ्या.

हल्ली भारतीय लोक इतके जातात की बऱ्याच टूरवाल्यांकडे इंडियन व्हेज लंच असतं, पण आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावं लागतं आणि फक्त फॉर्मवर टिक करून भागत नाही. आमच्या वेळी एका टूरवर सांगूनही जेट्टीवर कुणालाच पत्ता नव्हता आणि सासऱ्यांनी नुसता भात आणि केळी खाल्ली, दिवसभर पोहून आलेली मुलं आणि उपाशी आजोबा असा तो लंच झाला. म्हणून व्हॉट्सॲपवर लेखी घ्या आणि सकाळी बोटीत चढण्याआधी गाइडला दाखवा.

तरीही डबा न्याच. दशम्या, मेथीचे ठेपले, गूळपोळी, शेंगदाण्याची चटणी, यातलं काहीही दिवसभर टिकतं, भारतातून नेलेली भाकरवडी तर आहेच. स्टीलच्या डब्यात न्या, नॅशनल पार्कमध्ये थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तू नेऊ देत नाहीत. बोटीवर पाणी असतंच, आपल्या बाटल्या भरून घ्या. आणि जेवण बारा-साडेबाराला असतं पण नाश्ता पहाटे सहाला झालेला असतो, पोहल्यावर भयंकर भूक लागते, मुलाच्या आणि सासूबाईंच्या हाताशी मधल्या वेळेचं काहीतरी असू दे.

स्वप्ना_डोंबिवली

बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! आईला सगळं वाचून दाखवलं, लाइफ जॅकेटवर नाक मुरडलं तिने पण प्रवाहाची गोष्ट तिला पटली, म्हणाली नदीला पूर आला की आम्हीही वरच्या अंगाने उतरायचो.

आता असं ठरत आलंय. फुकेतहून सगळ्यांनी कॅटामरान, कोरल आणि राचा याय, लंच बोटीवर. फी फीला नवरा आणि मुलगा पहाटेच्या टूरने जातील, आम्ही बाकीचे त्या दिवशी जुन्या फुकेत गावात फिरू. आणि क्राबीला चार बेटं सगळ्यांना करायची आहेत कारण ती जवळ आहेत म्हणे. तिथे लाँगटेल बोट घ्यायची का? आणि ओहोटीला समुद्रातून वाळूची वाट वर येते असे फोटो आहेत, ते खरंच दिसतं का रोज? सासूबाईंना ते बघायची फार हौस आहे, त्या म्हणतात पाण्यात पोहता नाही आलं तरी समुद्राच्या मधोमध चालता येईल.

वेसावकर

ताई, सासूबाईंना ती वाट नक्की दाखवा. थाले वेक म्हणतात तिला, को तुप, को काय आणि को मोर या तीन बेटांमध्ये ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो आणि लोक एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जातात. पण रोज सारखा दिसत नाही आणि दिवसभर तर अजिबात दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली जाते, तेव्हा दांडा पूर्ण मोकळा होतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही आणि वाट घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्याखालीच राहते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला भरती, पण ते गणित आपल्या किनाऱ्याचं, ते क्राबीला लावू नका. उधाण-भांग मात्र चंद्रावर असतो तो तिकडेही तोच. क्राबीचा भरती-ओहोटीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, तुमच्या तारखांना ओहोटी किती वाजता आहे ते काढा आणि त्याच्या तासभर आधी तिथे पोचाल असा दिवस ठरवा. ओहोटी जर पहाटे आणि संध्याकाळी पडत असेल तर दुपारची ट्रिप घ्या, जॉइन टूरवाले, म्हणजे अनोळखी लोकांना एकत्र नेणारे, आपल्या ठरलेल्या वेळेने जातात, ते कोणासाठी थांबत नाहीत.

म्हणूनच सहाजणांसाठी जॉइन टूर नको, पूर्ण लाँगटेल घ्या. आओ नांगच्या किनाऱ्यावर लाँगटेलवाल्यांच्या संघाचं काउंटर आहे, पाटीवर दर लिहिलेले असतात, अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस, दर बोटीचा असतो माणसाचा नाही. एक दिवस आधी जाऊन ठरवा आणि नाखव्याला सांगा की म्हातारी माणसं आहेत, जिथे पाणी शांत तिथे लाव. लाँगटेल म्हणजे आपल्या होडीसारखी लाकडी, मागे गाडीचं इंजिन आणि लांब दांड्याला पंखा. आवाज प्रचंड असतो, मुलाच्या आणि सासूबाईंच्या कानाला कापूस ठेवा, शक्यतो इंजिनापासून लांब, मधल्या फळीवर, छताखाली बसवा, बसायला जाड टॉवेलची घडी द्या. वेग कमी असतो त्यामुळे स्पीडबोटीसारखं आपटत नाही, पण वारा असेल तर पाणी अंगावर उडतं. लाटा दिसल्या तर त्या दिवशी नाही म्हणा, दुसऱ्या दिवशी जा.

चढण्या-उतरण्याचं आधीच सांगतो कारण बाबांचे गुडघे. आओ नांगला जेट्टी नाही, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन शिडीने चढायचं असतं आणि ओहोटीला तर होडी खूप लांब उभी असते. त्यापेक्षा नोप्पारत थाराच्या जेट्टीवरून सुटणारी बोट ठरवा, बाजूलाच आहे. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला, चपला पाण्यात राहत नाहीत. बाबांना चढवताना एकाने वरून हात द्यायचा आणि एकाने खाली उभं राहायचं, शिडी हलते.

नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, ती त्यांची बोटीची देवी आहे, मे या नांग म्हणतात, तिच्यावर पाय देऊ नका, धरून चढूही नका. आम्ही नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतो ना, तसाच भाव आहे त्यांचा. फ्रा नांगच्या बीचवर गुहा आहे तिथेही समुद्रात जाणारे लोक देवीला लाकडी लिंगं वाहतात, पोरंटोरं हसतात फोटो काढतात, तुम्ही मुलाला आधी समजावून न्या. पोहायला को पोडा सगळ्यात चांगलं, वाळू हळूहळू उतरते, झाडांची सावली आहे, तुमची आई तिथे पोहेल आणि बाकीचे झाडाखाली बसतील, दोन तास तिथेच काढा.

अरुण_फुकेतकर

वेसावकरांनी अगदी बरोबर सांगितलं. पैशाचं राहिलं, पार्कची फी टूरच्या किमतीत धरलेली आहे का ते विचारा, परदेशी माणसाला मोठ्यांना ४०० बाहट आणि मुलांना २००, फी फी आणि ही चार बेटं एकाच नॅशनल पार्कात येतात. लाँगटेल घेतलीत तर ही फी वेगळी, बेटावर रोख द्यावी लागते. पावती जपून ठेवा, त्याच दिवशी दुसऱ्या बेटावर दाखवायला लागते.

आणि बुकिंग करताना कंपनी पासपोर्टवरची नावं आणि जन्मतारखा मागते, त्या नीट द्या, विम्यासाठी असतात. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडून ४७ माणसं गेली, तेव्हा खराब हवामानाचा इशारा असताना बोट बाहेर गेली होती. जानेवारीत हवा बहुतेक चांगलीच असते म्हणून घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये, पण बोट सुटताना लाइफ जॅकेट दिलं की सगळ्यांनी घालायचं, आत खूप उकडतंय म्हणून मांडीवर ठेवायचं नाही. आणि कुणी सांगितलं की आज समुद्र जरा चढलाय पण जाऊ, तर पैसे गेले तरी चालतील, उतरायचं.

केमिस्ट_नाशिक

कोणी बोट लागण्याचं लिहिलं नाही म्हणून. उलटीच्या गोळ्या बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नसतो, तासभर तरी आधी घ्याव्या लागतात. पण त्यांनी झोप येते आणि प्रोस्टेट, काचबिंदू किंवा इतर गोळ्या चालू असतील तर ज्येष्ठांना त्रास होऊ शकतो, त्यामुळे बाबांच्या आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून गोळी ठरवा, आणि एकदा घरी घेऊन बघा किती गुंगी येते ते. गुंगीत असलेल्या माणसाला पाण्यात उतरवायचं नाही. मुलाचा डोस वजनावर असतो, अंदाजाने अर्धी गोळी देऊ नका. सकाळी अगदी उपाशी निघू नका आणि तेलकटही नको, इडली किंवा टोस्ट बरं. बोटीत मोबाइलमध्ये बघत बसलं की हमखास लागते, लांबच्या बेटाकडे बघायचं. आल्याची वडी जवळ ठेवा, माझ्या घरच्यांना तिचा चांगला उपयोग होतो.

स्वप्ना_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता काढला, आमच्या क्राबीच्या दिवसांत पौर्णिमा जवळ आहे! मधल्या दिवशीची ओहोटी बघून लाँगटेल ठरवतेय, नोप्पारत थाराहूनच. कॅटामरानवाल्यांना "जे" जेवण आणि लहान मापाचं जॅकेट दोन्ही लेखी विचारलंय. एकच राहिलं, लाँगटेलवर जेवण मिळत नाही ना, मग को पोडावर काही मिळतं का?

वेसावकर

लाँगटेलवाले खाण्याचं बघत नाहीत. को पोडावर खाण्याच्या बोटी लागतात, भात, नूडल्स, कणीस, शहाळी मिळतात, पण सासूबाईंचं त्यांच्या भरवशावर ठेवू नका. आओ नांगमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, आदल्या रात्री सांगून सकाळी भाजी-पोळी बांधून घ्या. आणि नाखव्यासाठीही एक पुडा जास्त घ्या, तो दिवसभर तुमच्याबरोबर असतो. नाखवा मुसलमान असला तरी मांस हलाल आहे का हा प्रश्न शाकाहारी डब्यात येत नाही, तो आनंदाने खाईल.